मुंबईत मुक्कामासाठी खोली निवडताना

मुंबईत खोली शोधताना बहुतेक जण भाड्यापासून सुरुवात करतात आणि तेथेच चुकतात. भाडे हा शेवटून दुसरा प्रश्न आहे. सुरुवात एका कागदावर दोन गोष्टी लिहून करावी: आपले मुख्य काम नेमके कोठे आहे आणि तेथे किती वाजता हजर व्हायचे आहे. परळच्या रुग्णालयात सकाळी आठचा केसपेपर, फोर्टातल्या उच्च न्यायालयात अकराची तारीख, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात व्हिसाची मुलाखत, मंत्रालयात दुपारची भेट. यांपैकी प्रत्येक कामासाठी सोयीचा मुक्काम निराळा असतो. कामाची जागा ठरली की तिचे लोकलचे स्टेशन कोणते आणि ते कोणत्या लाइनवर आहे हे पाहावे. खोली त्यानंतर.

लाइन हा शब्द मुंबईकर दिवसभर वापरतो आणि बाहेरचा माणूस तो कानाआड करतो. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरारकडे जाते, मध्य रेल्वे सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ठाणे-कल्याणकडे, तर हार्बरची मुख्य लाइन सीएसएमटीहूनच पनवेलकडे. नकाशावर दोन ठिकाणे जवळजवळ दिसली, तरी मध्ये लाइन बदलावी लागत असेल तर जिने, पूल आणि गर्दी यांचा हिशेब वेगळा धरावा लागतो. काही वर्षांपूर्वी आत्याला तपासणीसाठी परळला आणायचे होते, तेव्हा मी अंधेरीतले एक लॉज घेतले, कारण दादरपेक्षा तेथे रात्रीमागे चारशे रुपये कमी पडत होते. सकाळी सव्वासातला रिक्षाने स्टेशन गाठले खरे, पण परळसाठी पश्चिम लाइनवर जेथे उतरायचे त्या प्रभादेवीला जलद गाडी थांबत नाही, आणि धीम्या गाडीतही आत्याला चढता येईना. तीन गाड्या सोडल्यावर शेवटी टॅक्सी केली. वाचवलेले चारशे रुपये त्या एका टॅक्सीनेच खाल्ले, वर केसपेपरच्या रांगेत आम्ही शेवटून कितवे होतो ते न सांगितलेले बरे.

त्या अनुभवातून एक हिशेब पक्का झाला. सकाळची मोठी गर्दी अजूनही उपनगरांकडून दक्षिणेकडे येते आणि संध्याकाळी तीच उलटी जाते. म्हणून काम दादर, परळ किंवा फोर्ट भागात असेल, तर मुक्काम कामाच्या दक्षिणेला किंवा अगदी जवळ असावा, म्हणजे सकाळी गर्दीच्या उलट दिशेने जाता येते. परळसाठी सीएसएमटीजवळ राहणे अंधेरीत राहण्यापेक्षा किती तरी सोपे आहे. मात्र अंधेरी पूर्व आणि वांद्रे-कुर्ला संकुल येथेही आता कार्यालयांची दाटी असल्याने तिकडे जाताना हा नियम डोळे झाकून लावू नये. दोन-तीन ठिकाणी कामे असतील तर दादर हा सर्वांत सुरक्षित तोडगा ठरतो, कारण पश्चिम आणि मध्य या दोन्ही लाइन तेथे भेटतात. आणखी एक गोष्ट नवख्यांना उशिरा कळते: रिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला चालत नाहीत. दादर, परळ, फोर्ट, कुलाबा या भागांत टॅक्सी, बेस्टची बस किंवा पाय, एवढेच पर्याय आहेत. स्टेशनपासून लॉज किती दूर आहे हा प्रश्न तेथे अधिक महत्त्वाचा होतो.

ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण मार्गावर धावू लागल्यामुळे हे गणित थोडे बदलले आहे. विमानतळ, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, चर्चगेट आणि विधान भवन ही स्थानके एकाच मार्गावर आली आहेत. व्हिसाच्या कामासाठी येणाऱ्यांनी संकुलाच्या आसपासची महागडी हॉटेले टाळून दादरला राहावे आणि मेट्रोने जावे, असे मी आता सांगतो.

यानंतर पाहावी ती आपली गाडी पोहोचण्याची वेळ. महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूर-सांगलीकडून येणारा माणूस सकाळीच मुंबईत उतरतो आणि बहुतेक हॉटेलांत खोली मिळते दुपारी बारानंतर. काही लॉजमध्ये मात्र ‘चोवीस तास’ पद्धत असते, म्हणजे सकाळी साडेसातला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी साडेसातपर्यंत आपली. सकाळी येऊन दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परतणाऱ्याला या दोन पद्धतींत एका दिवसाच्या भाड्याचा फरक पडू शकतो, म्हणून हे आधी विचारावे. केवळ अंघोळ आणि चार तासांची झोप हवी असेल, तर रेल्वेच्या विश्रांतिगृहांचा विचार करावा. ती आयआरसीटीसीवर तिकिटाचा पीएनआर देऊन आरक्षित करता येतात. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून पॉड पद्धतीचे हॉटेलही आहे, परंतु कपाटाएवढ्या जागेत झोपायची तयारी असेल तरच.

अ‍ॅपवर दिसलेले हॉटेल पसंत पडले, तरी पैसे भरण्याआधी तेथे थेट फोन करावा. आरक्षण अ‍ॅपवर आहे आणि काउंटरवर ‘खोली शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते, हे लहान लॉजमध्ये घडते. फोनवर विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत: लिफ्ट आहे का, गरम पाणी दिवसभर मिळते की फक्त सकाळी, जादा गादीचे किती, आणि सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे की नाही. सप्टेंबर २०२५ पासून रात्रीमागे ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे.

शक्य असेल तेव्हा सामान खाली ठेवून आधी खोली पाहावी, आणि यात संकोच करू नये. मुंबईतले मॅनेजर रोज पन्नास जणांना खोल्या दाखवतात. पहिल्यांदा खिडकी उघडावी. जुन्या इमारतींत भिंती पाडून एकाच्या दोन खोल्या केलेल्या असतात, आणि पडदा बाजूला सारला की मागे कधी नुसती भिंत निघते, तर कधी डक्ट: हातभर अंतरावर समोरचे पाइप, खाली साचलेले पाणी, कबुतरांची पिसे आणि स्वयंपाकघराचा वास. अशा खोलीत एसी बंद पडला की रात्र काढणे कठीण असते. मग बाथरूमचा नळ सोडून पाण्याला जोर किती आहे ते पाहावे, उशीचा अभ्रा उलटून पाहावा आणि कडी आतून नीट बसते का ते तपासावे. रस्त्याकडची खोली उजेडाची पण आवाजाची असते. आजारी माणूस सोबत असेल तर मी आतली पण खरी खिडकी असलेली खोली मागतो.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे लागते. पॅनकार्डावर पत्ता नसल्याने ते सहसा चालत नाही. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक येणार असतील, तर आरक्षणाआधीच तसे स्पष्ट सांगावे. त्यांची नोंद हॉटेलला चोवीस तासांच्या आत कळवावी लागते आणि लहान लॉजवाले ही कटकट नको म्हणून दारातूनच परत पाठवतात.

टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्यांनी लॉजकडे वळण्याआधी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात चौकशी करावी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था रुग्ण व नातेवाइकांची अल्प दरात सोय करतात. जागा लगेच मिळेलच असे नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्रींसाठी खोली हाताशी असावी, पण आठवड्याचे पैसे एकदम भरू नयेत. उपचाराच्या तारखा पुढे-मागे होतात आणि आगाऊ भरलेले पैसे परत मिळवताना घाम फुटतो.

शेवटी कॅलेंडर पाहावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात, त्यामुळे त्याच्या आसपास दादरला खोली मिळणे अवघड असते. गणेशोत्सवात लालबाग-परळचे रस्ते दर्शनाच्या गर्दीने भरतात आणि विसर्जनाच्या दिवशी वाहतूक वळवली जाते, तेव्हा टॅक्सी लॉजच्या दारापर्यंत येईलच असे धरून चालू नये. पावसाळ्यात हिंदमाता, शीव आणि अंधेरी सबवे ही पाणी साचण्याची जुनी ठिकाणे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये तेथील तळमजल्याची खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. परतीचा दिवस रविवार असेल, तर लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवणे, कोणत्या लाइनवर आहे ते शनिवारी संध्याकाळीच पाहून ठेवावे आणि सामान घेऊन तासभर आधी निघावे.