डोक्यावरचे टेंगूळ उतरत नसेल तर

डोक्याला मार लागला की काही मिनिटांत टेंगूळ येते, कारण तेथील त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि खाली लगेच कठीण हाड असल्यामुळे साकळलेल्या रक्ताला बाहेर फुगण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे टेंगळाच्या आकारावरून आतल्या इजेचा अंदाज बांधू नये. मोठे टेंगूळ येऊनही मेंदू सुखरूप असू शकतो, आणि बाहेर काहीच न दिसता कवटीच्या आत रक्तस्राव होत असू शकतो.

पहिल्या एक-दोन दिवसांत बर्फ फडक्यात गुंडाळून एका वेळी 15 ते 20 मिनिटे, दर काही तासांनी लावावा. आपल्याकडे टेंगूळ तेल लावून चोळण्याची किंवा दाबून 'जिरवण्याची' सवय आहे. ती मायेपोटी असली तरी कृपया मोडावी, कारण चोळल्याने रक्तस्राव वाढू शकतो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये.

सूज साधारणतः काही दिवसांत ओसरू लागते. आत साकळलेले रक्त घट्ट झाल्यास लहानशी कठीण गाठ काही आठवडे राहू शकते. अशा गाठीची कड टणक आणि मध्यभाग मऊ लागतो, त्यामुळे हाडाला खड्डा पडल्याचा भास होतो. मात्र तो भासच आहे हे बोटांनी चाचपून ठरवता येत नाही, ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. कपाळावर मार लागल्यानंतर दोन-तीन दिवसांनी पापण्या काळ्यानिळ्या होणे हे बहुधा रक्त खाली उतरल्याचे लक्षण असते, परंतु दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे असा डाग उमटला, तर कवटीच्या तळाचे हाड मोडल्याची शंका घेऊन त्वरित तपासणी करावी.

गाठ दिवसेंदिवस लहान होत असेल, तर धीर धरावा. ती वाढू लागली, आठवड्याभरानंतरही तेवढीच राहिली, लाल व गरम झाली, पू आला किंवा ताप चढला, तर डॉक्टरांना दाखवावे. घरी सुई टोचून रक्त काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, बोबडी वळणे, हातापायांतील अशक्तपणा, असंबद्ध बोलणे, उठवूनही न जाणारी गुंगी, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे किंवा नाका-कानातून पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी सूज किती आहे हे न पाहता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

दोन वयोगटांची विशेष काळजी वाटते. वर्षाच्या आतील बाळाच्या डोक्यावर, विशेषतः कानाच्या वर किंवा मागे, मऊ, पिळपिळीत सूज आली, तर बाळ खेळत असले तरी त्याच दिवशी दाखवावे, कारण खाली हाडाला तडा असू शकतो. वृद्धांमध्ये मेंदूवरचा रक्तस्राव कधी कधी इतका संथ असतो, की टेंगूळ कधीच विरून गेल्यावर, कित्येक आठवड्यांनी, विसराळूपणा किंवा चालताना तोल जाणे सुरू होते आणि घरचे ते वयावर ढकलतात. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असलेल्यांनी तर त्रास नसतानाही मार लागताच तपासून घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना मार केव्हा व कशाने लागला, शुद्ध हरपली होती का आणि कोणती औषधे सुरू आहेत, हे लिहून न्यावे. सुजेचे रोज एकाच कोनातून काढलेले छायाचित्रही सोबत असावे.