मुंबई ते लंडन विमानाने किती तास? हिशोब करताना या चुका टाळा

मुंबई ते हीथ्रो (लंडनचा मोठा विमानतळ) अंतर कुठल्याही ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघा, 7,200 किमीच्या आसपास दाखवतं, मग लोक काय करतात तर विमान 900 च्या स्पीडने जातं ना, भागा त्याने, आले आठ तास, आणि आईबाबांना सांगून मोकळे. प्रत्यक्षात डायरेक्ट फ्लाइटलाही जाताना साडेनऊ-दहा तास धरावे लागतात.

कारण कॅल्क्युलेटर पृथ्वीच्या गोलावरची सगळ्यात जवळची रेषा मोजतो. ती रेषा इराण, कॉकेशस, काळा समुद्र करत थेट युक्रेनवरून जाते, आणि युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे. त्यात एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, त्यामुळे त्याच मुंबई-लंडनला भारतीय कंपनीचा आणि ब्रिटिश कंपनीचा वेळ वेगळा दिसू शकतो. शिवाय हीथ्रोला रनवे दोनच, गर्दी असली की उतरायच्या आधी विमान वरच घिरट्या घालत बसतं. म्हणून वेळ बघायचा तो कंपनीच्या टाइमटेबलमध्ये, अंतरावरून काढायचा नाही.

जायला दहा म्हणजे यायलाही दहा, असंही धरू नका. वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, जाताना तो समोरून येतो आणि येताना पाठीशी असतो, त्यामुळे परतीला साधारण तासभर तरी कमी लागतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. तिकिटावर मुंबई दुपारी 1, लंडन संध्याकाळी 6 बघून "अरे पाचच तास!" अहो, दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या आहेत. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे खरा प्रवास साडेनऊ तासांचा. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे नेतात, मग मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेपाच तासांचा. घरी कुणी इन्सुलिन किंवा वेळेवरच्या गोळ्या घेणारं असेल तर हे खरंच मनावर घ्या, कारण शरीराला लंडनचं घड्याळ कळत नाही, दोन डोसमध्ये खरे किती तास जातात ते मोजून डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

मैल दिसले तर कुठले ते बघा, साधे मैल सुमारे 4,475 येतात आणि नॉटिकल (म्हणजे विमान-जहाजांसाठी वापरतात ते मोठे) मैल सुमारे 3,890, अंतर तेच.

स्वस्त कनेक्शन घेताना विमानतळाचं नाव पूर्ण वाचा. लंडन म्हणजे फक्त हीथ्रो नाही, गॅटविक, स्टॅनस्टेड, लुटन पण आहेत. हीथ्रोला उतरून पुढचं विमान गॅटविकहून असेल तर इमिग्रेशन करून बाहेर पडायचं, म्हणजे व्हिसा हवा, वर रस्त्याने साठ-सत्तर किमी जायचं, दोन-तीन तासांच्या गॅपमध्ये हे जमणं कठीण.

आणि तारीख! 15 तारखेला रात्री 2 ची फ्लाइट म्हणजे घरातून 14 लाच रात्री निघायचं, तीन तास आधी पोचायचं असतं. 15 ला रात्री जेवून बॅगा उचलल्या तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. परतीच्या तिकिटावर वेळेशेजारी +1 असेल तर मुंबईत घ्यायला येणाऱ्याला दुसऱ्या दिवसाची तारीख लिहूनच पाठवा, नुसतं "सकाळी साडेदहा" नको.