राज्य नेहमी एकावरच का येतं? लहान मुलांचा छळ ओळखणं आणि थांबवणं

चार ते नऊ वर्षांच्या मुलाला इतर मुलं त्रास देतात तेव्हा त्याची जागा आणि वेळ बहुतेकदा ठरलेली असते. मोठ्यांची नजर नसलेली पाच-दहा मिनिटं: मधल्या सुट्टीतलं बाथरूम, स्कूलबसची मागची सीट, सकाळची पाळी सुटून दुपारची भरताना गेटवर उडणारी झुंबड, सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा. पोराला ‘धीट हो’ सांगण्याआधी ती जागा शोधा. धीट करायला महिने लागतात, सीट उद्याच बदलता येते.

आधी हे भांडण आहे की छळ, ते बघा. भांडणात आज हा रडतो, उद्या तो. संध्याकाळी कट्टी, सकाळी बट्टी. छळात रडणारा तोच, हसणारे तेच. खिडकीतून पंधरा मिनिटं खेळ पाहिला तरी कळतं. चकताना कोणी शेवटच्या क्षणी हात उलटा करतंय का? राज्य रोज एकावरच येतंय का? चार वर्षांच्या चिमुरड्याला ‘कच्चा लिंबू’ ठेवणं ही माया असते. आठ वर्षांच्या मुलाला रोज कच्चा लिंबू करणं म्हणजे त्याला खेळातून काढणंच.

घरी दिसणाऱ्या खुणा साध्या असतात. खोडरबर, पेन्सिली वरचेवर हरवतात. डबा रिकामा येतो, तरी मूल आल्या आल्या जेवायला मागतं. रविवारी संध्याकाळी पोट दुखतं (हे डॉक्टरांनाही दाखवा, दुखणं खरंही असू शकतं). आणि सहज नजरेतून सुटणारी खूण: दप्तर खांद्यावर असतानाच बाथरूमकडे धाव. म्हणजे बहुधा दिवसभर शू दाबून धरली होती; शाळेच्या बाथरूममध्ये जायची भीती वाटत असू शकते.

‘तुला कोणी त्रास देतं का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’ येईल. आईबाबा शाळेत येऊन तमाशा करतील ही भीती मुलाला त्रासापेक्षा मोठी वाटते. त्याऐवजी कागदावर शाळेचा नकाशा काढायला सांगा: गेट, जिना, वर्ग, बाथरूम, बस. आवडत्या जागा हिरव्या, नावडत्या लाल. लाल जागेवर बोट ठेवून ‘इथे कोण कोण असतं?’ एवढंच विचारा. मग ऐकून घ्या. ‘मग तू काय केलंस?’ हा प्रश्न त्या दिवशी नको. मुलाला तो आरोप वाटतो. मूल झोपल्यावर वहीत तारीख, वेळ, जागा, काय झालं आणि कोणी पाहिलं, हे त्याच्याच शब्दांत टिपा.

‘तूही ठेवून दे एक’ हा सल्ला आपल्याकडे मुबलक मिळतो आणि हमखास फसतो. समोरचा मोठा किंवा टोळक्यात असतो, मार दुप्पट बसतो. आणि बाईंनी पाहिलेला एकमेव फटका आपल्या मुलाचा असतो. टोमण्याला टोमणाही नको, बघ्यांना तेच हवं असतं. एकच छोटं वाक्य शिकवा: ‘थांब. मला हे आवडत नाही.’ आवाज वर्गात हजेरी देतानाचा, नजर समोरच्याच्या भुवयांवर, आणि वाक्य संपताच पाय बाईंच्या किंवा मित्राच्या दिशेने. रोज पाच मिनिटं, आठवडाभर, घरी नाटक करा. दादागिरी करणारा तुम्ही व्हा, मग भूमिका बदला. पाय न हलवता नुसतं वाक्य पाठ केलं तर मूल तिथेच अडकतं. ज्यांना त्रास होत नाही त्या मुलांनाही एक काम द्या: मध्ये पडायचं नाही, फक्त ‘चल, आमच्यात ये’ म्हणून त्याला बाजूला न्यायचं.

शाळेत आधी वर्गशिक्षिकेला भेटा आणि तेच लेखी द्या, डायरीत किंवा ईमेलवर. ‘लक्ष ठेवा’ असं मोघम लिहू नका. बाकाची जागा बदला, मधल्या सुट्टीत त्या जिन्यावर कोणाची ड्युटी आहे ते कळवा, बसमध्ये अटेंडंटजवळची सीट द्या आणि अमुक तारखेला पुन्हा भेटू, असं लिहा. दोघांना समोरासमोर उभं करून वर्गासमोर ‘सॉरी’ म्हणायला लावू नका, हेही सांगा. बरोबरीच्या भांडणात ते चालतं. छळात त्याचा वचपा बसमध्ये निघतो. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलाचं नाव टाकणं तर अजिबात नको, तिथून पुढे भांडण मोठ्यांचं होतं.

आठवड्यात फरक नसेल तर मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघ, त्यापुढे आपल्या भागातलं शिक्षण खात्याचं कार्यालय. शाळेतल्या तक्रारपेटीवर विसंबू नका. पहिलीतलं मूल चिठ्ठी लिहीत नाही. शिक्षकच चिडवायच्या टोपणनावाने हाक मारत असतील तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ दाखवा, त्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन मोफत आणि चोवीस तास असते. लैंगिक स्पर्श किंवा कपडे काढायला लावणं हे मात्र चिडवाचिडवीत मोजू नका. तिथे शाळेच्या चौकशीची वाट न बघता थेट पोलीस; त्यासाठी पॉक्सो हा मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा आहे.

तक्रार आपल्याच मुलाची आली तर ‘आमचा तसा नाहीच’ हे वाक्य गिळा. काय झालं ते त्याच्याकडून क्रमाने वदवून घ्या, फोडलेली पट्टी त्याच्या खाऊच्या पैशातून भरा, आणि घरात त्याला कोण कशावरून चिडवतं तेही तपासा. रंगावरून, जाडीवरून मारलेले शब्द बरेचदा जेवणाच्या ताटावर ऐकलेले असतात.

त्रास थांबल्यावरही महिनाभर तो नकाशा दर रविवारी पुन्हा रंगवून घ्या. जिन्यावर पहारा बसला की लाल रंग बसच्या मागच्या सीटवर सरकतो.