जुना बेसबॉल सीझन कसा वाचावा : न्यू यॉर्क जायंट्स, १९५१

जुन्या सीझनची माहिती काढायला बसलं की आपण आधी शेवटचा गुणतक्ता उघडतो आणि सगळी मजा तिथेच घालवतो. सीझन तारखेनुसार वाचावा. सरावाला १९५१चे न्यू यॉर्क जायंट्स घ्या. रेट्रोशीट आणि बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळांवर त्या वर्षीच्या सामन्यांच्या नोंदी फुकट आहेत.

१. आधी लीगचे नियम बघा. अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगपैकी जायंट्सच्या नॅशनल लीगमध्ये तेव्हा आठ संघ होते, प्रत्येकाला १५४ सामने. आयपीएलसारखे पहिले चार संघ पुढे जात नसत. पहिला येईल तो एकटाच वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) खेळणार, दुसरा घरी. हे डोक्यात पक्कं नसेल तर पुढचा थरार कळणारच नाही.

२. अंतर मोजायला शिका. बेसबॉलमध्ये गुण नसतात. एक संघ दुसऱ्याच्या किती सामने मागे आहे ते पाहतात. दोघांच्या विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करून निम्मी करायची. ११ ऑगस्टला एका टप्प्यावर पहिल्या क्रमांकावरचे ब्रुकलिन डॉजर्स होते ७० विजय, ३५ पराभव. जायंट्स ५९ आणि ५१. फरक ११ आणि १६, बेरीज २७. म्हणजे जायंट्स साडेतेरा सामने मागे, हातात उरलेले सामने फक्त ४४.

३. लागोपाठचे विजय-पराभव पेन्सिलीने खुणा करून घ्या. एप्रिलमध्ये जायंट्स सलग ११ हरले. २५ मे रोजी विली मेज नावाचा वीस वर्षांचा पोरगा संघात आला. पहिल्या १२ प्रयत्नांत त्याला एकही हिट (चेंडू मारून निदान पहिला बेस, म्हणजे धावण्याच्या चार टप्प्यांतला पहिला, गाठणं) मिळाली नाही, मग वॉरन स्पॉन या पिचरला (गोलंदाजाला) त्याने होम रन ठोकला (असा फटका की बॅटर आणि बेसवरचे सगळे धाव पूर्ण करतात). १२ ऑगस्टपासून सलग १६ विजय. शेवटच्या ४४ पैकी ३७ सामने जायंट्सनी जिंकले. एप्रिलच्या त्या अकरांतला एखादा जरी जिंकला असता, तर पुढचं नाटक घडलंच नसतं.

४. समोरच्याचा रकाना झाकू नका. डॉजर्स ढेपाळले असं सर्रास म्हणतात. आकडे तसं सांगत नाहीत. त्याच काळात ते २६ जिंकले, २३ हरले. निम्म्याहून जास्त सामने जिंकणाऱ्याला ढेपाळला म्हणणं मला तरी पटत नाही. शेवटच्या दिवशी फिलाडेल्फियात १४व्या इनिंगमध्ये (एरवी सामना नऊ इनिंगचा) जॅकी रॉबिन्सनने होम रन मारून डॉजर्सना वाचवलं. दोघेही ९६-५८. मग बरोबरी फोडायला तीन सामन्यांचा प्लेऑफ.

५. निर्णायक सामना इनिंगनिहाय वाचा. पहिला सामना जायंट्सनी ३-१ असा जिंकला, दुसऱ्यात १०-० असा मार खाल्ला. तिसरा ३ ऑक्टोबरला, जायंट्सच्या घरच्या पोलो ग्राउंड्सवर. धावफलक असा, प्रत्येक आकडा एका इनिंगच्या धावांचा:

डॉजर्स : १०० ००० ०३० = ४
जायंट्स : ००० ००० १०४ = ५

शेवटचा तो ४ बघा. नववी इनिंग सुरू झाली तेव्हा जायंट्स १-४ असे मागे होते. डार्क आणि म्युलर बेसवर पोचले, आयर्विन बाद झाला, लॉकमनच्या डबलने (दुसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्याने) एक रन आला. तिसऱ्या बेसवर घसरताना म्युलरचा घोटा दुखावला, त्याच्या जागी हार्टंग धावायला आला. डॉजर्सनी पिचर बदलून राल्फ ब्रँकाला आणलं. त्याच्या दुसऱ्याच चेंडूवर बॉबी थॉमसनने होम रन मारला. पुढचा बॅटर होता मेज!

म्युलरच्या घोट्याचा धागा सोडू नका. त्याच्या जागी वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात हँक थॉम्पसन उतरला, आणि आयर्विन, मेज, थॉम्पसन असं वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातलं पहिलं पूर्ण कृष्णवर्णीय आउटफिल्ड (मैदानाच्या मागच्या भागातले तीन क्षेत्ररक्षक) तयार झालं. सिरीज मात्र दुसऱ्या लीगच्या यांकीजनी ४-२ अशी जिंकली.

६. शंकेला जागा ठेवा. २००१मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने उघड केलं की पोलो ग्राउंड्सच्या क्लबहाउसच्या खिडकीतून दुर्बिणीने समोरच्या कॅचरचे (पिचरने कोणता चेंडू टाकावा ते सांगणारे) इशारे टिपले जात आणि बझरने ते पुढे पोचवले जात. थॉमसनने त्या चेंडूचा इशारा मिळाल्याचं नाकारलं. तुम्ही घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे काढून बघा. प्लेऑफचा पहिला विजय डॉजर्सच्या एबेट्स फील्डवरचा होता, तिथे ही दुर्बीण नव्हती. आणि तिथेही थॉमसनने ब्रँकालाच होम रन मारला होता. उलट १०-०चा पराभव दुर्बिणीच्या घरातच झाला. लबाडी होती हे खरं, पण सगळा सीझन तिच्या नावावर लिहिता येत नाही.

एक तांत्रिक बाब : काही तक्त्यांत जायंट्स ९८-५९ दिसतील. प्लेऑफचे तीन सामने नियमित सीझनमध्येच धरतात, म्हणून.

यानंतर १९१४चे बॉस्टन ब्रेव्ह्ज घ्या. ४ जुलैला ते तळाला होते, पंधरा सामने मागे. तक्ता उघडा तो ५ जुलैपासूनचा.