पुण्याच्या तपकीर गल्लीत जाण्याआधी: घरच्या कॉम्प्युटरची रॅम वाढवताना

रॅम विकत घ्यायची ती अगदी शेवटी. आधी तिची गरज आहे का ते बघा. रोज जेवढं उघडता तेवढं सगळं उघडा, विंडोजचा टास्क मॅनेजर सुरू करा आणि मेमरीचा, म्हणजे रॅमच्या वापराचा, आकडा पाहा. तो ८०-९० टक्क्यांवरून हलत नसेल तर रॅम वाढवून फरक पडेल. मेमरी निम्मी मोकळी आणि जुनी हार्ड डिस्क मात्र १०० टक्के कामात, असं दिसलं तर तेच पैसे एसएसडीवर, म्हणजे जास्त वेगवान डिस्कवर, घाला. विंडोज ३२ बिटचं असेल तर घरगुती आवृत्तीत ४ जीबीपुढची रॅम वापरलीच जात नाही.

रॅमची पिढी ओळखण्याला मात्र वेळ द्या. डीडीआर-३, ४ आणि ५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. डेस्कटॉपच्या डीडीआर-४ आणि ५ ला पिना २८८च, लांबीही तीच, पण खाच वेगळ्या जागी आणि व्होल्टेज १.२ व १.१. त्यामुळे नजरेच्या अंदाजावर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीची दुकानं गाठू नका. मदरबोर्डचं मॉडेल टिपून घ्या, तो जास्तीत जास्त किती रॅम घेतो ते कंपनीच्या साइटवर बघा, जुन्या पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो काढा. ८ जीबीची एक असेल आणि दुसऱ्या चॅनलचा स्लॉट रिकामा असेल तर त्याच स्पीडची ८ची दुसरी घ्यावी, ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जाण्याचा, फायदा मिळतो. स्पीड वेगळे असले की दोन्ही पट्ट्या कमी स्पीडवर चालतात. नाही चालली तर बदलून द्याल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

कॅबिनेट उघडायला गुरुवार नको. महावितरणची देखभालीची कामं पुण्यात बहुधा त्याच दिवशी असतात. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबा. आपला हिवाळा कोरडा, स्वेटरमधून ठिणगी उडते, म्हणून स्वेटर बाजूला ठेवून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. पट्टी कडेनेच धरा, खाच जुळवा, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. खटका ऐकू आला पाहिजे.

डीडीआर-५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळा राहू शकतो. घाबरून बंद करू नका. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवा, आणि एक जरी एरर दिसली तरी पट्टी बिलासकट दुकानात परत न्या.