वृद्ध चेहऱ्याचा अभ्यास करताना या चुका टाळा

म्हातारा चेहरा रंगवायला घेतला की हात आधी सुरकुत्यांकडे धावतो. कपाळावर चार आडव्या रेघा, डोळ्यांच्या कोपऱ्यांत फराटे, आणि आजोबांऐवजी नाटकासाठी म्हातारा रंगवलेला कॉलेजचा पोरगा तयार! माझी अशी कितीतरी चित्रं माळ्यावर पडून आहेत.

सुरकुती ही रेघ नव्हे, घडी आहे. तिच्या एका अंगाला उजेड असतो, दुसऱ्या अंगाला सावली. त्यामुळे आधी हाडं बसवा: गालफाड, डोळ्याची खोबण, दात गेल्यामुळे आत ओढलेले ओठ. एवढ्यावरच वय दिसायला हवं. दिसत नसेल, तर सुरकुत्या काढूनही दिसणार नाही.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत डच चित्रकार रेम्ब्रांटनं १६३४ साली रंगवलेली ८३ वर्षांची बाई आहे. चित्र स्क्रीनवर मोठं करून पाहा. वय कळतं ते पापण्यांच्या लालसर कडांवरून, सैल पडलेल्या गालांवरून. याउलट जर्मन चित्रकार बाल्थाझार डेनरच्या व्हिएन्नातल्या चित्रातली म्हातारी. तिचं रंध्र न् रंध्र रंगवलंय. कसब अफाट, पण मला ती बाई भेटत नाही, नुसती कातडी दिसते.

रंग मळकट झालाय? बहुधा सावलीत काळा मिसळला असणार. वरून आणखी रंग थापू नका. पॅलेट नाइफनं (रंग कालवायच्या बोथट सुरीनं) खरवडून पुन्हा लावा. नाक, कान, पापण्यांवर लाली राहू द्या, कपाळ जरा पिवळट ठेवा. पण जुन्या चित्रावरून नक्कल करताना पिवळ्या पडलेल्या व्हार्निशला कातडीचा रंग समजू नका.

अशा चित्रांना ‘रेम्ब्रांटची आई’ वगैरे नावं चिकटलेली असतात, त्यांवर फार विसंबू नका. बरीचशी ‘ट्रोनी’ आहेत, म्हणजे कुणा एकाची ओळख न सांगता केलेले चेहऱ्याचे अभ्यास.

आता दाढी. सगळे पांढरी ट्यूब पिळूनच सुरुवात करतात. जर्मन चित्रकार ड्यूररनं १५२१ मध्ये अँटवर्पला ९३ वर्षांच्या म्हाताऱ्याचा अभ्यास केला, तो रंगीत कागदावर. मधली छटा कागदानंच दिली. काळ्या शाईनं सावल्या, पांढरा फक्त उजेडाला. पुढे हाच म्हातारा त्याच्या चित्रात संत जेरोम झाला. तुम्हीही करड्या कागदावर एक दाढी करून बघा, पांढरा अगदी शेवटी उघडा.