वळणाआधीचं काम : कोकणात फिरतीची नोकरी करणाऱ्या नव्या बाइकस्वारांसाठी

औषध कंपनीच्या फिरतीच्या नोकरीवर मी चिपळूणला रुजू झालो, तेव्हा गाडी आपल्याला चांगली येते अशी माझी खात्री होती. कॉलेजभर बाइक हाताखाली होती, लायसन्सची टेस्ट पहिल्या फटक्यात पास झालो होतो. पहिल्याच महिन्यात पाटणच्या डॉक्टरांच्या भेटी आटपून कुंभार्ली घाट उतरत होतो. पुढे आमच्याच लाइनीतले एक सीनिअर होते. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. माझी नजर त्यांच्या मागच्या लाल दिव्यावर होती. तो दिवा प्रत्येक वळणाच्या आधी लागायचा आणि वळण सुरू व्हायच्या आत विझायचा. माझा ब्रेक मात्र दर वेळी वळणाच्या पोटात लागत होता. खाली पोफळीला चहाला थांबलो तेव्हा माझे खांदे आणि मनगटं भरून आली होती. भाऊ बाकावर टेकून निवांत पेपर वाचत होते.

तेव्हापासून कोणी कसा चालवतो हे बघायचं असेल, तर मी त्याच्या मागून एक घाट उतरतो. सरळ रस्त्यावर वेग कोणालाही काढता येतो. घाटात मात्र ब्रेक कुठे लागतो, गिअर कधी पडतो, हे लपत नाही. मुरलेला माणूस वळणाचं सगळं काम वळणाच्या आधी उरकतो. वेग कमी केला, एक गिअर खाली टाकला, मग वळणात फक्त हलका थ्रॉटल. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात. त्यांना मी हात जोडून सांगतो की असं करू नका. इंजिनची पकड सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब घाटात ब्रेक तापून ढिले पडतात.

हे काम आधी उरकायचं तर वळण आधी वाचता यायला हवं. त्यासाठी भाऊंनी मला एक साधी खूण शिकवली. रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, तिथे नजर ठेवायची. तो बिंदू जागच्या जागी थांबलाय किंवा जवळ येतोय असं वाटलं, तर वळण आवळत चाललंय, वेग उतरवा. तो पुढे पळायला लागला, तर वळण उघडतंय, मग थ्रॉटल द्या. सावर्ड्याहून आत जाणाऱ्या गावरस्त्यांना दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि वर कलमांची गर्दी असते. तिथे या एका सवयीने मला किती वेळा वाचवलं, ते मोजलेलं नाही. वळणापलीकडून एसटी येणार हे धरूनच चालायचं. तिला अरुंद वळणावर सगळा रस्ता लागतो, त्यात ड्रायव्हरची चूक नसते. आणि घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

आता माझ्या पडण्याबद्दल. मार्गताम्हान्याच्या पुढे, शृंगारतळीच्या अलीकडे एक डावं वळण आहे. नोकरीचं पहिलं वर्ष, ऑक्टोबरची सकाळ, रस्ता कोरडा ठणठणीत. वळणात आडवा झालो आणि डांबरावर ओला पट्टा दिसला. मासळीच्या टेम्पोतून गळालेलं बर्फाचं पाणी होतं ते. घाबरून पुढचा ब्रेक गच्च आवळला आणि पुढचं चाक पायाखालून निघून गेलं. कोपर सोलपटलं, सॅम्पलची बॅग रस्ताभर पसरली. मागून भाऊ आले. त्यांनी आधी बाटल्या गोळा करायला मदत केली, मग विचारलं, “वास नाय आला तुला?”

त्यांचं म्हणणं खरं होतं. मासळीचा वास वळणाच्या निदान पन्नास पावलं आधीपासून येत होता. तो मलाही आला होता, पण त्याचा रस्त्याशी संबंध मी लावला नाही. आपल्या किनाऱ्यावर हर्णै, वेलदूर, मिरकरवाड्याकडून निघालेले टेम्पो वळणावर कलंडतात आणि ते तेलकट पाणी नेमकं वळणातच सांडतं. म्हणून वस्तीबाहेर मासळीचा वास आला की वेग कमी करायचा. ओल्या शेवाळाचा, ताज्या कापलेल्या गवताचा, डिझेलचा वास आला तरी तेच. नजर, कान आणि नाक ही तिन्ही गाडी चालवतात, हात नंतर येतात.

पुढच्या ब्रेकला मात्र त्या पडण्यानंतर मी उगाच घाबरायला लागलो होतो, आणि ती दुसरी चूक. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवायची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. फक्त तो गाडी सरळ असताना लावायचा, आणि एकदम आवळायचा नाही, लिंबू पिळल्यासारखा दाब वाढवत न्यायचा. एखाद्या मोकळ्या मैदानात सकाळी तासभर हे करून बघा. 60 च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते, म्हणजे ब्रेककडे बोट जाईपर्यंतच एका एसटीच्या लांबीएवढा रस्ता मागे पडतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे. ते चाक लॉक होऊ देत नाही, पण वळणात आडव्या गाडीला किंवा मासळीच्या पाण्याला त्याचा फार आधार धरू नका.

वळवण्याबद्दल एकच सांगतो. थोडा वेग असेल तेव्हा डावीकडे वळायला डावा हँडल हलकेच पुढे ढकलायचा असतो. उलटं वाटतं, पण गाडी त्यानेच डावीकडे झुकते. आपण नकळत तेच करत असतो. कळून करायला लागलात की अचानक आलेला खड्डा किंवा कुत्रा चुकवताना फरक पडतो.

पावसाळ्यात रात्री गुरं डांबरावर येऊन बसतात, कारण बाजूला चिखल असतो. काळी म्हैस हेडलाइटमध्ये अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग.

दाभोळ–धोपावे फेरीबोटीवर नवीन माणूस लगेच कळतो. बोटीचा लोखंडी रॅम्प ओला आणि शेवाळलेला असतो. तिथे हँडल सरळ, पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, ब्रेकला हात नाही आणि वळायचं असेल ते काँक्रीटवर पोचल्यावर. घाई करणारा मागच्या गाडीलाही घेऊन पडतो.

गाडीची निगा थोडक्यात : खाऱ्या हवेने चेन लवकर गंजते, पावसात मी दर तीन-चारशे किलोमीटरला तेल देतो. चेनचा ढिलेपणा किती हवा, ते मॅन्युअलमध्ये असतं. टायरची हवा आठवड्याला बघायची, तीही टायर थंड असताना. हेल्मेट आयएसआय मार्कचं आणि पट्टा लावलेलं.

मागे कोणी बसलं की आपली खरी परीक्षा होते. माझी आई साडीत एका बाजूला बसते, हात माझ्या खांद्यावर. तिला गाडीतलं काही कळत नाही, पण मी कुठे उशिरा ब्रेक लावला ते तिच्या बोटांच्या दाबावरून मला लगेच समजतं. गुहागरपर्यंत तिची बोटं एकदाही रुतली नाहीत, त्या दिवशी मी नीट चालवली असं धरतो.

चिपळूणने 22 जुलै 2021 चा पूर पाहिलाय. त्यानंतरही वाहत्या पाण्यात गाडी घालणारे दिसतात, याचं मला फार वाईट वाटतं. गेल्या पावसात कंपनीचा नवा मुलगा माझ्यासोबत होता. एका मोरीवरून गढूळ पाणी जात होतं, घोट्याइतकंच असेल. एक एसटी आमच्यासमोर पार झाली. तो म्हणाला, “दादा, एसटी गेली की. आपण पण काढू ना?” मी नको म्हटलं. आम्ही मागच्या टपरीवर बसलो, त्याने डॉक्टरांना फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. दोन तासांनी पाणी उतरलं. डाव्या कडेचं डांबर हातभर खचून खालचा जांभा उघडा पडला होता. पाणी असताना आम्ही तिथूनच गेलो असतो. उजवी बाजू आधी चालत जाऊन बघितली, मग पहिल्या गिअरमध्ये एकेक गाडी पलीकडे नेली.